निम्म्यावरचा सूर्य

पापडी गावच्या नाट्यमंडळात तीस वर्षं नाटकातला सूर्योदय आत्मारामच करत. उजेड कमी-जास्त करणाऱ्या त्यांच्या जुन्या डिमरचा दांडा निम्म्यावर अडकायचा. बुक्की घातली की सूर्य वर यायचा. यंदा दिव्यांसाठी डीएमएक्सचा नवा संगणकी बोर्ड आला आणि त्यावर लेक विनिता बसली.

“बाबा, सगळे लाइट आता बटणावर. तुम्ही नुसते शेजारी बसा.”

आत्माराम तोंड पाडून बसले.

प्रयोगात पहाटेचा उजेड चढू लागला आणि निम्म्यावरच थांबला. न राहवून त्यांनी टेबलावर बुक्की घातली. सूर्य झकास वर आला.

“बघ, तुझ्या मशीनलाही माझी बुक्की लागते.”

“लागणारच,” विनिता म्हणाली. उजेड निम्म्यावर थांबवायचं तिनेच बोर्डात भरून ठेवलं होतं, आणि पुढच्या बटणावर बोट ठेवून ती त्या बुक्कीचीच वाट बघत होती.