ब्रेकवरचा पाय

सिबियू शहरातल्या आपल्या उतरत्या अंगणात वेतूरियाने गाडीच्या टर्बोचा हवेचा पाइप बसवला आणि ब्रेक ऑइल कुठे गळतंय का ते बघायला ती गाडीखाली शिरली.

वर सीट करकरली, तशी तिने नवऱ्याला सांगितलं, "त्रायान, ब्रेक दाब."

ब्रेक दबला. नळ्या बाहेरून कोरड्या होत्या, गळती नव्हती.

"धरून ठेव, म्हाताऱ्या. शहाणा माझा!"

"कुणाचे लाड चाललेत गं?" फाटकातून त्रायानचा आवाज आला. "मी तर आत्ता पाव घेऊन येतोय."

त्याने गाडीत डोकावलं. "वेता, आधी बाहेर ये. हँडब्रेक सुटलाय."

ती सरपटत बाहेर आली. रिकाम्या सीटसमोर ब्रेकचं पेडल खोल दबलेलं होतं.

"आले रे मी बाहेर," ती हळूच म्हणाली.

पेडल अलगद वर आलं आणि गाडी उताराला लागली.