ग्रोसवासरांची चाल

“इथंच थांब. गाणं संपलं की आत ये,” असं म्हणून लाझरकाकांनी झीव कीनानच्या तोंडावर सिनेगॉगचं दार ओढून घेतलं.

तसा तो रिवाजच. बाप जाऊन आठवडा झालेला नाही अशा मुलाने शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, स्वागताचं गाणं होईपर्यंत बाहेर उभं राहायचं. पण लाझरकाकांच्या डोळ्यांत जी किळस होती, ती काही रिवाजातली नव्हती. हैफाच्या या जुन्या गल्लीत सगळेच झीवकडे तसे बघायचे.

आणि का बघू नये? साठी उलटली तरी केस काळेकुळकुळीत, सुतकातही गॉगल डोक्यावर. बापाचं ग्रोसवासर हे आडनाव पोस्टरवर शोभेना म्हणून बदललेलं. सगळ्या आयुष्यात याचं गाणं चाललं ते एकच, एलातच्या किनाऱ्यावर कलिंगड खाणाऱ्या पोरीचं. शब्द याचे, चाल याची. त्यावर त्याने लग्नं केली, मोडली, मॉलच्या फिती कापल्या आणि शेवटी कुत्र्यांच्या खाण्याच्या जाहिरातीत तेच गाणं भुंकून दाखवलं.

बाप येकुतिएल याच सिनेगॉगमध्ये जन्मभर प्रार्थना गायला. पोराचं गाणं रेडिओवर लागलं की तो खिडकी लावून घ्यायचा. शेजाऱ्यांना सांगायचा, “आमचे चिरंजीव गुळण्या करतात आणि लोक टाळ्या वाजवतात.” त्या टाळ्या झीवने देशभरातून गोळा केल्या, पण घरातून साधं ‘बरंय’ मिळालं नाही. आता तर ते मिळायची सोयच उरली नव्हती. याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं, एवढं तरी मान्य करायला हवं.

आत म्हाताऱ्यांनी सूर धरला. शब्द शब्बाथ-राणीच्या स्वागताचे. चाल कलिंगडवाल्या पोरीची!

झीवला आधी हसू फुटलं. मग छाती फुगली. मला नावं ठेवणारे शेवटी माझंच गातात, असं म्हणून तो बाहेर उभ्या उभ्या ताल धरू लागला.

शेवटच्या कडव्याला सगळे रिवाजाप्रमाणे दाराकडे वळले. दार उघडलं. आता सांत्वनाचे शब्द म्हणायचे असतात. कोणीच म्हटले नाहीत.

“ऐकलीस?” लाझरकाका म्हणाले. “तुझ्या बापाची चाल. तू ती चोरलीस आणि नागड्या पोरींपुढे नाचवलीस. त्या देवमाणसाने कधी ब्र काढला नाही, पण आम्ही विसरलेलो नाही. आधी सगळ्यांपुढे कबूल कर, मग गेलेल्या बापासाठी मुलाने म्हणायचं ते कद्दिश म्हण. चोराच्या तोंडून ते नको. नाहीतर मी म्हणेन.”

“काका, अक्कल गहाण टाकलीत का? चाल माझी आहे! त्यांनीच माझ्या रेकॉर्डवरून उचलली असेल.”

“तोंड सांभाळ! तुझी रेकॉर्ड आली उन्हाळ्यात. आम्ही ही चाल त्याच्या आधीच्या हिवाळ्यापासून गातोय. तू तेव्हा सैन्यातून सुटून घरी लोळत होतास. येकुतिएल पहिल्यांदा गायला तेव्हा त्याला रडू आवरेना. म्हणाला, इतकी सुंदर चाल मी जन्मात ऐकली नाही, आता शब्बाथला दुसरी गाणार नाही. विचार या सगळ्यांना.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

त्या हिवाळ्यात झीवने ती चाल कुणालाही ऐकवली नव्हती. न्हाणीघरात कोंडून घेऊन, नळ सोडून, तो ती दबक्या आवाजात बसवायचा. भिंतीपलीकडे बापाची खोली होती. बाप काठीने भिंत ठोकून ओरडायचा, “बंद कर ते मांजराचं रडणं!”

सगळे त्याच्याकडे बघत होते.

“हो काका,” झीव म्हणाला. “चोरली मी. चाल बाबांचीच आहे.”