शेवटचे चाळीस कॅरेट

"ते थप्पी उतरवा खाली," मैनाबाई म्हणाली. "बारका माल मिसळला त्यात."

हमालांनी ट्रकवर चढवलेले संत्र्याचे कॅरेट पुन्हा जमिनीवर आणले. देवीदासनं मोबाइल पाहिला. पावणेएक.

अकोल्याच्या भाड्यासाठी तो सकाळी सातलाच शेंदूरजनाघाटच्या या मंडीत गाडी लावून बसला होता. इथं पहिल्यांदाच आलेला. भाडं मेहुण्यानं, शेखरनं बघून दिलं होतं. तो अमरावतीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसायचा.

थांबणं ड्रायव्हरच्या पाचवीलाच पुजलेलं. देवीदासचे त्यावर ठरलेले उपाय होते. आधी काच पुसायची, मग आरसे, मग केबिनमधला देव, आणि तरी हमाल हलले नाहीत तर गाडीखालच्या सावलीत सतरंजी. आज काच धुळकट होती आणि सतरंजीची घडीही मोडली नव्हती.

"बाई, जरा हात चालवा न," तो म्हणाला. "लेकीचं लग्न हाय आज. अमरावतीले, कचेरीत. पाचच्या आत सह्या हायेत."

"अन् तुमी इथं?" एक हमाल म्हणाला.

"तारीख अचानक लागली. सकाळी फोन आला."

हमालांचे हात एकदम भराभर चालू लागले. लेकीचा बाप म्हटलं की माणसं हळवी होतात. मैनाबाई मात्र भरतीची मुकादम. तिची चाल तीच राहिली.

"जावई काय करते?" हमालानं कॅरेट फेकता फेकता विचारलं.

"बँकेत हाय म्हणे."

"कुठचा?"

"असन इकडलाच कुठचा तरी."

"जावयाचं गाव माईत नाई. पक्का ड्रायव्हर हाय बावा."

सगळे हसले. देवीदास हसला नाही. मैनाबाईनं मान खाली घालून एक संत्रं कॅरेटातून काढलं आणि बाजूला ठेवलं. ते चांगलं होतं.

"मैनाबाई, तुमी आज पांढरी काहून नेसली?" एका हमालानं विचारलं. तिच्या जुन्या शर्टाखालून नवी कोरी साडी डोकावत होती. "माल भराले आल्या का लग्नाले?"

"धुतलेली हेच होती," ती म्हणाली. "तू कॅरेट पाह्य."

दीड वाजता देवीदासनं मागच्या पेटीतून टामी काढली, चाकाचे नट उघडायची ती लोखंडी दांडी. फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवली. वळला तर मैनाबाई पाहत होती.

"रस्त्यात टायर बसलं त खोळंबा नको," तो म्हणाला.

"हो न," ती म्हणाली.

त्यानं बायकोला, सुभद्राला फोन लावला. तिसऱ्यांदाही उचलला नाही. मग शेखरला लावला.

"शेखर, तू कचेरीतच थांब. साहेबाले सांग, बाप आल्याबिगर सही होऊ द्याची नाई."

"सांगतो भाऊजी. तुमी आरामात या. गाडी सांभाळून चालवा."

"आरामात म्हणते," देवीदास स्वतःशीच पुटपुटला.

"एसटीनं निंगून जा न भाऊ," हमाल म्हणाला.

"अर्धवट भरलेली गाडी टाकून?" मैनाबाईनं मधेच तोडलं. "मालक उद्या दुसरा ड्रायव्हर बसवन. आता किती राह्यले? चाळीस. तवरोक दोन घास खाऊन घ्या. डबा हाय माह्यापाशी."

त्यानं नको नको म्हटलं, पण सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. हापशीवर हात धुऊन तो निंबाखाली बसला. भाकर, तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी, वर लिंबाची फोड. तेवढ्यात मैनाबाई पाण्याची बाटली केबिनमध्ये ठेवून आली आणि तनशीच्या, म्हणजे पेंढ्याच्या ढिगावर बसली. मग उठलीच नाही. बसल्या जागेवरून कॅरेट मागवायची, एकेक संत्रं फिरवून पाहायची.

अडीच वाजले. आता निघालं तरच अमरावती पाचला.

"राहू द्या चाळीस," देवीदास म्हणाला. "मी चाललो."

"जा न. मालाची चिठ्ठी माह्यापाशी हाय. तिच्याबिगर फाटक उघडत नाई."

"बाई, तुमाले लेकरं हायेत का नाई?"

"एक पोरगा हाय," ती म्हणाली. पुढचं कॅरेट मागवलं.

तीन वाजले. पाच कॅरेट चढले होते. देवीदास केबिनमध्ये चढला, गाडी सुरू केली, जोरात रेस केली. फाटक बंदच. त्यानं दात आवळले, खाली वाकला आणि सीटखाली हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग फडकं तेवढं ओढून बाहेर काढलं. रिकामं होतं.

मैनाबाईचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं, कानाला लावला, आणि बराच वेळ फक्त ऐकत राहिली.

"भरा रे," मग ती हमालांना म्हणाली. "दहा मिनिटांत गाडी निंगाली पाह्यजे."

ती उठली. अंगातला जुना शर्ट काढून तिनं घडी केली. तनशीत हात घालून टामी उपसली, शर्टात गुंडाळली आणि थप्पीच्या आड गेली. फोन अजून चालूच होता.

"शेखरभाऊ," ती हळूच म्हणाली, "सूनबाईले सांगा, तिच्या बापाले म्या उपाशी नाई ठेवलं."