शुभ बोलणारी यंत्रणा

सकाळी रुग्णालयातल्या नव्या यंत्रणेच्या उद्घाटनाच्या वेळी तंत्रज्ञ डिसले म्हणाले, "मॅडम, नारळ फोडला." यंत्रणेची प्रमुख वैजयंती करवादली, "अहो, शुभकार्यात फोडला म्हणू नये, वाढवला म्हणावं!"

अतिदक्षता विभागातली उपकरणं चालवणारे एआय एजंट ऐकत होते. माणसांचं ऐकूनच ते आपसात बोलायची नवी भाषा घडवत होते. तुलनेसाठी प्रत्येक निरोप जुन्या भाषेतही जाई.

दुपारी वैजयंती दोन्ही भाषा ताडून पाहायला बसली. नव्या भाषेत निरोप होता, "खाट चार. ऑक्सिजन वाढवा." तिथे तिचे अण्णा होते. तिला हायसं वाटलं. सवयीने तिने शेजारचा जुन्या भाषेतला निरोप वाचला.

"खाट चार रिकामी हवी. ऑक्सिजन तोडा."

ती जिन्याकडे धावत सुटली, तोच मोबाइलवर पुढचा निरोप उमटला.

"वाढवला."