येतीलच एवढ्यात

"इथे नको, अजून थोडं पुढे जाऊ," असं म्हणत मुनिबाने पुन्हा चटई उचलली.

ईदचा दुसरा दिवस होता. आखातातल्या बरक्याजवळच्या सवादीच्या किनाऱ्यावर गाड्या थेट वाळूपर्यंत येऊन थांबल्या होत्या. कुणी कोळसे पेटवत होतं, कुणाची पोरं पाण्यात डुंबत होती, कुणाची म्हातारी माणसं खुर्च्यांवर रेलली होती. एवढ्या गोतावळ्यात दोघींची चटई कुठेही टाकली, तरी उघडी पडल्यासारखी दिसायची.

"मम्मा, माझे पाय पेन होतायत," माहनूर कुरकुरली. ती सहा वर्षांची होती.

मुनिबा सीबच्या एका क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट होती. माहनूरच्या पप्पांनी मुंब्र्याला दुसरा संसार मांडला, तेव्हापासून मायलेकींचं कुठे जाणंच झालं नव्हतं. ईद आली की बिल्डिंग रिकामी व्हायची आणि जिन्यात दोघींच्याच चपला वाजायच्या. अशा वेळी मुनिबा सुट्टीचे बेत रचत बसायची. दूर सलालाच्या एखाद्या हॉटेलात राहावं. सकाळचा नाश्ता आयता मिळावा. माहनूरने पोहावं आणि आपण काठावर नुसतं पडून राहावं. आणि दोघींचा मिळून एक फोटो कुणीतरी काढावा. तिच्या मोबाइलमध्ये माहनूरचे ढीगभर फोटो होते. ती स्वतः कुठेच नव्हती. या वर्षीही ड्युटीने सुट्टी खाल्ली आणि सलालाऐवजी सवादीच हाती लागलं.

"कुठली गो तू? बोलणं आपल्याकडचं वाटतंय."

मुनिबाने वळून पाहिलं. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ मोठ्या सतरंजीवर एकटेच बसले होते. समोर पातेली, पाण्याचा जग, पालथ्या घातलेल्या प्लेटा.

"हर्णैची," ती म्हणाली.

"मी श्रीवर्धनचा, बदरुद्दीन. इथे बरक्याच्या बाजारात दुकान होतं माझं. या, बसा. पोरीला किती चालवशील?"

मुनिबा घुटमळली. ते त्यांच्या लक्षात आलं.

"मुलगा, सून, नातवंडं, सगळी सोहारहून निघालीत. येतीलच एवढ्यात."

मग ती बसली.

"आणि तुझे साहेब?"

"ड्युटीवर आहेत," तिच्या तोंडून निघून गेलं. "सुटले की येतील इकडेच."

माहनूरने आईकडे पाहिलं. मुनिबा उगाचच तिच्या सँडलचा पट्टा सारखा करत राहिली.

शिंपले वेचायला माहनूर पाण्याकडे पळाली. "मी बघतो, तू टेक जरा," म्हणत बदरुद्दीन तिच्यामागे गेले. मुनिबा दोघांना बघत राहिली. माहनूरच्या तोंडाचा पट्टा चालू होता. एकदा ते तिच्यासमोर उकिडवे बसून काहीतरी ऐकताना दिसले. मग दोघं हात धरून परत आली.

"मी यांना नाना म्हणू?" माहनूरने विचारलं.

"म्हण की," मुनिबा म्हणाली.

बदरुद्दीननी पातेल्याचं झाकण काढलं. बिर्याणीचा वास सुटला.

"त्यांना येऊ द्या ना," मुनिबा म्हणाली.

"सून म्हणाली आहे, तुम्ही सुरू करा. गाड्यांची गर्दी फार आहे आज."

दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण मुनिबा कितीतरी दिवसांनी जेवत होती. "वाढू?" असं कुणी विचारलं की काय म्हणायचं, हेही ती विसरून गेली होती. तिने नुसतीच प्लेट पुढे केली. मागून सांदण आलं. माहनूर नानांच्या मांडीला टेकून खात होती. मग त्यांनी मुनिबाचा मोबाइल मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि मायलेकींचा फोटो काढला.

"हसलीस छान," ते म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावरून एक मोठी गाडी वाळूत उतरली आणि मुनिबा सावरून बसली. गाडी पुढे निघून गेली, पण पुढची त्यांचीच असणार. सून उतरेल, नातवंडं नानांच्या गळ्यात पडतील. या सतरंजीवर आपली जागा उरणार नाही. आणि बाई माणूस समोर बसून "तुमचे मिस्टर कुठे असतात?" असं विचारू लागलं, की आपलं खोटं चार वाक्यंही टिकणार नाही.

ती उठली. "निघतो आम्ही. हे आता घरीच येतील बहुतेक."

"थांबली असतीस तर..." बदरुद्दीननी वाक्य अर्धंच सोडलं. त्यांनी एक डबा काढला आणि काठोकाठ बिर्याणी भरली. "हा साहेबांसाठी. ड्युटीवरून माणूस भुकेला येतो."

मुनिबाला डबा घेणं जिवावर आलं. नाही म्हणणं त्याहून अवघड होतं.

"भेट राहून गेली. सूनबाईंना माझा सलाम सांगा," ती म्हणाली.

"सांगतो. साहेबांनाही माझा सांग."

मुनिबाची गाडी हमरस्त्याला लागली. आरशात सतरंजी बारीक होत गेली. मुनिबाला त्या न पाहिलेल्या सुनेचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही.

"मम्मा, उद्या परत नानांकडे जाऊ?"

"उद्या नको, बेटा. त्यांच्याकडे त्यांची माणसं असतील."

"नाही असणार. सगळे कॅनडाला गेले. नाना प्रत्येक ईदला एकटेच येतात."

मुनिबाचा पाय ब्रेकवर गेला. तिने गाडी कडेला घेतली.

"कुणी सांगितलं तुला?"

"नानांनीच. पण ते सीक्रेट आहे. ते म्हणाले, मम्मीला कळलं तर ती बसणार नाही, जेवणार नाही."

"मग तुला कशाला सांगितलं?"

"मी आधी माझं सीक्रेट सांगितलं ना त्यांना," माहनूर म्हणाली, "की पप्पा येणारच नाहीत."