पहिलं बोंड

त्या साली अकोल्याच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव होता, अन् आमच्या गावात बोंडरोग. रोग्याच्या तोंडावर बोंडं उकलत आणि कापसात नाकडोळे बुजून जात.

सुभद्राबाईला शेतातल्या खोपटीत ठेवलं होतं. लेक कौशल्या तिच्या ओठांवरचा कापूस वेचून दहीभात भरवायची.

"हळू वं कौसे, दुखते मले," माय म्हणायची.

पोळ्याला खोपटी रिकामी सापडली.

वेचणीचा दिवस उजाडला. घरच्या बाईनं झाडाला दहीभात दाखवून पहिलं बोंड वेचल्याशिवाय मजूर बाया शेतात शिरत नसत. यंदा कौशल्याच पुढं झाली. समोर सारं शेत पांढरं झालं होतं.

बोंड कोमट लागलं. तिनं ओढलं.

"हळू वं कौसे, दुखते मले."

बांधावरून बाप ओरडला, "झालं का वं? बाया सोडू का शेतात?"