विकण्याचे कारण

“मालक, तिसरं माणूस कुटं अडकलंय म्हणायचं? केम टेसनात गाडी लेट झाली काय?”

जोतिरामनं फाटकातूनच हाळी दिली आणि स्वतःच खदखदून हसला. मागं उभा असलेला हॉटेलवाला सोमेशही हसला. ओसरीवर बसलेला गाडीचा मालक चन्नवीर मात्र दचकला. आधी त्यानं वळून घराच्या बंद खिडकीकडे पाहिलं, मग अनवाणीच धावत येऊन फाटकाची कडी अलगद उचलली.

“हळू, मामा. जरा हळू बोला.”

चोराच्या मनात चांदणं, जोतिराम मनाशी म्हणाला.

जुनी गाडी घ्यायची तर जाहिरात आधी जोतिराम मिस्त्रीला दाखवायची, असा सोलापुरातल्या शौकिनांचा रिवाजच पडून गेला होता. मिस्त्री कीर्तनाचा वेडा. कुठं बुवा उभे राहणार म्हटलं, की गॅरेजचं शटर खाली. जाहिरातही तो कीर्तनासारखीच ऐकायचा. मॉडेल, किलोमीटर, रंग, टायर हा झाला पूर्वरंग. डोलायचं आणि पुढं सरकायचं. उत्तररंग शेवटच्या ओळीत. विकण्याचे कारण! माणूस उघडा पडतो तो तिथं. “कारण खोटं, तर किलोमीटर खरं कशावरनं?” असं तो गिऱ्हाइकाला विचारायचा.

आणि या लाल, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं कारण त्यानं जाहिरातीचं चित्र काढून फोनमध्ये तीनदा जपून ठेवलं होतं. चार वर्षांत तीन जाहिराती. गाडी तीच, फाटक तेच, शब्दही तेच : ‘घरात तिसरं माणूस येणार आहे. गाडीत सीट दोनच.’ दर वेळी काही दिवसांनी जाहिरात गुपचूप नाहीशी व्हायची. परवा चौथी आली. या खेपेला कारण निराळं : ‘वापर नाही.’

सोमेश गाडीवर पुरता भाळला होता. त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला, तर चन्नवीर मागं सरला.

“इथं नको सुरू करायला. कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊ.”

“एवढी पळणारी गाडी, आन् ढकलत?” जोतिराम म्हणाला. “घोडं खांद्यावर घिऊन जत्रंला निघालो म्हणा की.”

पण त्याचा संशय आता पक्का झाला. इंजिनात खोट असणार.

भर दुपारी तिघांनी गाडी ढकलत गल्लीच्या टोकाला, कडुनिंबाखाली नेली. जोतिरामनं बॉनेट उघडलं. पत्र्यावरून बोटं फिरवली. सांधे पाहिले, मीटर पाहिला. किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात गरजलं. कुठं ठोकल्याची खूण नाही, कुठं रंगाचा दुसरा हात नाही. पूर्वरंग सगळा खरा निघाला, आणि त्यामुळं जोतिराम जास्तच चिडला.

सोमेश गाडी घेऊन एक फेरी मारायला गेला. जोतिरामनं आपल्या फोनमधल्या तिन्ही जाहिराती चन्नवीरपुढं धरल्या.

“गाडी सोन्यासारखी हाय. मग थापा कशापायी मारायच्या? तीनदा तिसरं माणूस आलं. आता म्हणता वापर न्हाय. ह्यातलं खोटं कुठलं, तेवढं सांगा.”

चन्नवीरनं फोन हातात घेतला. एकेका जाहिरातीवरची तारीख तो बराच वेळ पाहत राहिला.

“मी तर काढून टाकल्या होत्या,” तो म्हणाला. “तुमच्याकडं राहिल्या.”

“म्हंजी?”

“ह्या तिन्ही खऱ्या आहेत, मामा. ही पहिली लिहिली तेव्हा दुसराच महिना होता. लई घाई झाली आम्हाला आनंदाची. ही दुसरी. चौथ्या महिन्यात गेली, मुलगी होती. आणि हा...” त्याचं बोट तिसऱ्या चित्रावर थांबलं. “हा एकच दिवस जगला.”

जोतिरामनं फोन परत घ्यायला पुढं केलेला हात मागं घेतला.

“जाहिरात काढून टाकताना फोन विचारतो, का काढताय म्हणून. ‘गाडी विकली’ नाहीतर ‘विचार बदलला’. दोनच उत्तरं असतात. तीनदा मी ‘विचार बदलला’ दाबलं.”

“मग... ही चौथी?”

“ही खोटी.” चन्नवीरचा आवाज निंबाच्या पानांनाही ऐकू जाऊ नये इतका खाली आला. “बायकोला, श्रीदेवीला, सातवा महिना लागलाय. डॉक्टरांनी पलंगावरनं उठू नको म्हटलंय. जरा मोठा आवाज झाला की दचकते. ओटी भरली नाही, तिच्या माहेरीसुद्धा कळवलं नाही. दृष्ट नको. दवाखान्यातनं घरी येताना मागं सीट लागंल, म्हणून गाडी विकायला काढली. पण तसं लिहायला हात धजला नाही.”

तो घराकडं पाहत राहिला.

“तुम्ही फाटकातनं हाळी दिली, ती तिनं ऐकली असणार.”

आपल्या जिभेचं काय करावं, ते जोतिरामला सुचेना.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर इंजिन घुमलं. गाडी गल्लीकडं वळायच्या आत जोतिराम दोन्ही हात वर करून मधोमध उभा राहिला. “बंद कर! आधी बंद कर ती!”

सोमेशनं काच खाली घेतली. “काय झालं मामा? गाडी तर झकास हाय. पर त्या कारणाचं काय निघालं? तुमी हो म्हणाल तर घेतो, न्हायतर राहिली.”

चन्नवीर खाली मातीकडं बघत उभा होता. जोतिरामनं गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत सारली.

“जाहिरात खरी हाय,” तो म्हणाला. “वापर न्हाय म्हणून विकत्यात. दुसरं काईबी कारण न्हाय.”